भाया आल्यास चार

शहराच्या छावणी भागात राहणाऱ्या मंजुषाच्या लक्षात माणसं चेहऱ्यानं राहत नाहीत, आकड्यानं राहतात. एका खासगी रुग्णालयात ती फिजिओथेरपिस्ट आहे, आणि आयसीयूतून बाहेर आलेला पेशंट किती हलतो-चालतो याला शून्य ते दहा गुण देणं हे तिचं रोजचं काम. नुसता पडून असेल तर शून्य. पलंगाच्या कडेला बसला तर तीन, उभा राहिला तर चार, कशाचाही आधार न घेता चालला तर दहा. सवय घरीही सुटत नाही. तिला बघायला आलेल्या मंडळींत होणारे सासरे सोफ्यावरून उठताना दोनदा हिंदकळले, तेव्हा मुलाचा पगार विचारायचं सोडून तिनं त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. लग्न जमलं. सासरे आता नऊवर आहेत. मुलाविषयी ती मत देत नाही.

फुकटचा गुण मात्र तिनं आजवर कुणाला दिलेला नाही.

फुलंब्रीकडच्या सरूबाई न्यूमोनियानं अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. जीव वाचला, पण पाय दुसऱ्या कुणाचे तरी जोडल्यासारखे झाले. आयसीयूशेजारच्या खोलीत आणून चार दिवस झाले तरी त्या दोनवरच अडून होत्या, म्हणजे दोघांनी उचलून खुर्चीत ठेवायचं आणि दोघांनी परत पलंगावर. डॉक्टर विश्वजीत यांनी सोमवारची मुदत दिली. तोवर संडासापर्यंतची बारा पावलं जमली नाहीत तर घरी सोडू, पण पलंगावरच घ्यायचं भांडं सोबत देऊन. मुलानं, सत्यमनं, पडवीत खाट टाकूनही ठेवली होती. सरूबाईंना हे अजिबात मंजूर नव्हतं. सुनेनं आपलं भांडं उचलायचं, त्यापेक्षा इथंच बरी आहे, म्हणायच्या. चला म्हटलं की मात्र डोळे मिटून घ्यायच्या. भीती वाटते असं सांगायची त्यांच्यात रीत नव्हती, म्हणून झोप येते असं सांगायच्या.

शुक्रवारी संध्याकाळी कारभारी आले. हे सरूबाईंचे भाया, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्यावर पांढरी टोपी, हातात शहाळं. ते दारात दिसले आणि सरूबाई उभ्या राहिल्या. अंगावरची चादर पदरासारखी डोक्यावर घेतली, पलंगाचा कठडा धरला आणि लटलटत्या पायांनी उभ्याच राहिल्या. चार दिवस दोन माणसांनी उचलावा लागणारा ऐवज एका टोपीनं हलवला. भायांसमोर बसायचं नसतं, एवढंच कारण. मंजुषानं धावत जाऊन त्यांची कंबर धरली आणि दुसऱ्या हातानं चार लिहिले.

शनिवारी सकाळी पुन्हा दोन. शेऱ्याच्या रकान्यात मंजुषानं लिहिलं, 'भाया आल्यास चार.'

डॉक्टर विश्वजीत यांनी ते दोनदा वाचलं. मग शांतपणे विचारलं, "दिवसातून किती वेळा देता येतील?"

"भेटीच्या पासवर दोनदा, सर."

"जेवणाआधी की नंतर?"

"कधीही. फक्त आल्यावर चहा लागतो."

तर उपचार सुरू झाला. कारभारींनी आत येऊन स्टुलावर बसायचं. भाया बसले आहेत तिथं धाकट्या भावजयीनं थांबायचंही नसतं, आत जायचं असतं. रुग्णालयाच्या खोलीला माजघर नसल्यामुळं सरूबाई मंजुषाचा हात धरून पलीकडच्या पडद्यामागं जायच्या. तिथं एक निवृत्त शिक्षिका पाय मोडून पडल्या होत्या. त्यांच्याकडं सरूबाईंचं दोन दिवसांत चांगलंच येणंजाणं वाढलं. रविवारी संध्याकाळी आकडा आठवर गेला.

त्याच संध्याकाळी कारभारींनी मंजुषाला विचारलं, की मला येता-जाता इथं नुसतं का बसवता. तिनं खरं ते सांगून टाकलं. म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली.

"म्हंजे चाळीस वर्सं मी घरात आलो की ती उठती? मला वाटायचं, तिला बसायचीच आवड नाय."

सोमवारी डॉक्टर फाईल घेऊन हजर. कारभारी आत आले. सरूबाई उठल्या, चादर डोक्यावर गेली, मंजुषा हात धरायला सरसावली. पण कारभारी स्टुलावर बसेनात. समोर उभं राहून म्हणाले, "सत्यमची आई, बस. आजपास्नं माझ्यासमोर बसत जा."

थोरल्यांचा शब्द मोडायचा नसतो. सरूबाई बसल्या.

तीन दिवसांचं औषध एका वाक्यात संपवल्याची कारभारींना कल्पना नव्हती. ते समाधानानं स्टुलावर टेकले आणि शहाळं फोडायला कोयता मिळंल का म्हणून विचारू लागले. सरूबाई त्यांच्यासमोर बसून होत्या, आणि उठायचं काही लक्षण नव्हतं. मंजुषानं पेशंटकडं बघितलं, डॉक्टरांनी मंजुषाकडं. मग सुस्कारा सोडून ते फाईलमध्ये घरी न्यायच्या सामानाची यादी मोठ्यानं म्हणत लिहायला लागले. भांडं हा शब्द ऐकून कामसू सिस्टरनं पलंगाखालचं भांडं काढलं आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मावशी, आत्ता लावू का?"

सरूबाईंनी भांड्याकडं पाहिलं. भायांकडं पाहायचं नसतं, तरी पाहिलं. आणि उठल्या.

मंजुषा हात पसरून मागं धावली. "हात नका लावू," सरूबाई मागं न बघता म्हणाल्या. पहिली तीन पावलं त्यांनी इंचाइंचानं टाकली, पुढची चार जरा बरी, आणि शेवटची पाच जवळजवळ पळत. संडासाचं दार लागलं. आतून कडी घातली गेली.

"दहा," डॉक्टर म्हणाले.

"नऊ," मंजुषा म्हणाली. "दारापाशी भिंत धरली."

दाराआडून आवाज आला. "भिंत नाय धरली, चादर सावरली. दहा ल्याहा, बाई, नायतर मी भाईर येत नाय."

परतीची बारा पावलं बघून मग ठरवते, असं मंजुषानं दाराला तोंड लावून सांगितलं. मग कडी वाजली.