साहेबांच्या केबिनमधला प्रिंटर

निवृत्त माणसाची तब्येत विचारायला लोक येतात आणि किस्से ऐकून जातात. माझा इलाज नाही! हिंगणघाटजवळच्या आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कामापेक्षा खुर्च्या जास्त, किस्से साचणारच. त्यात दोन हजार सालानंतर कॉम्प्युटर आला.

*

सॉफ्टवेअर बसवायला पवनारहून वैशाली मॅडम यायच्या. नोकरी नवी, पहिलंच स्वतंत्र काम.

मी विचारलं, "हे चालतं कसं?"

"काका, सर्व्हिस म्हणजे प्रोग्रॅमचा एकेक भाग. वजन घेणारी एक, पावती छापणारी दुसरी. सर्व्हिस स्वतः काहीच आणत नाही. तिच्यात रिकाम्या जागा असतात, त्या प्रॉपर्टी. कुठल्या जागेत काय बसवायचं, ते आपण कॉन्फिग फाईलमध्ये लिहायचं. फ्रेमवर्क, म्हणजे सगळं जोडणारी यंत्रणा, ते आणून बसवतं. हे प्रॉपर्टी इंजेक्शन."

मला लगेच समजलं. आमचे मॅनेजरसाहेब असेच रिकामे यायचे. चष्मा शिपाई गजानन आणून द्यायचा, पेन मी, आणि मत त्यांचे मेव्हणे!

"म्हणजे आपले साहेब!" मी म्हणालो.

मॅडमनी आधी दाराकडे बघितलं. "काका, हळू!"

*

"अन् जागा भराची राह्यली तं?" गजाननची शंका.

"सर्व्हिस सुरू होते. पण त्या कामाची वेळ आली की कोसळते."

"मंग ते आपले स्टोअरकीपर! खुर्चीत बसले का शंकाच येत नाई. काम सांगतलं का छातीत कळ!"

स्टोअरकीपर मागेच उभे होते. गजाननला बरेच दिवस फिनेल मिळालं नाही.

*

गाड्या तोलायचा काटा अजून यायचा होता, तोवर चाचणीसाठी मॅडमनी त्या जागी प्रोग्रॅममधलाच नकली काटा बसवला. कधीही विचारा, वजन भरल्या ट्रकचं!

"खरा काटा आला की फाईलमधली एक ओळ बदलायची. बस!"

काटा आला. ओळ बदलायची राहिली. आणि काट्यावर पहिले चढले साहेबांचे मेव्हणे, स्कूटरसकट. वजन भरल्या ट्रकचं! सगळ्यांची नजर त्यांच्या पोटावर.

गजानन गंभीरपणे म्हणाला, "मशीन एकदम खोटी नाई बोलून राह्यली."

साहेब भडकले. "सोमवारी खरेदीचा मुहूर्त. पुन्हा असं झालं तर मशीन आणि मॅडम, दोघींनाही पवनारच्या बसमध्ये बसवून देईन!"

त्या दुपारी मॅडमनी डबा उघडला नाही. "काका, हे काम गेलं तर कंपनी मला ठेवायची नाही."

*

सोमवार. साहेबांच्या केबिनमध्ये शेतकऱ्याने यायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. बोलायचं तर खिडकीतून, आणि खिडकी बंद!

पहिली गाडी काट्यावर चढली. वजन बरोबर! पण काट्याजवळचा प्रिंटर गप्प. तेवढ्यात साहेबांच्या केबिनमधून आवाज, खर्रर्र! पावती तिथल्या प्रिंटरवर निघत होती.

गाडीवाला म्हातारा पावतीसाठी थेट आत. मागून बाकीचे, चिखलाच्या पायांनी. साहेब ओरडायला अर्धे उठले, तर म्हाताऱ्याने त्यांचा हातच धरला.

"साहेब, सोता पावती देता? लय मोठं मन हाये तुमचं!"

साहेब बसले. दुसरी पावती स्वतः फाडून दिली. तिसऱ्याला विचारलं, "कापूस कसा आहे यंदा?" चौथ्याला चहा!

मॅडम धावत आल्या. "सर, चुकलं. फाईलमध्ये तुमच्या केबिनचा प्रिंटर लिहिला गेला. एक ओळ बदलते."

"खबरदार फाईलला हात लावाल तर! उद्या हिंगोलीच्या ब्रँचमध्येही हेच बसवायला या. हं, पुढचा कोण?"

संध्याकाळी मॅडमनी डबा उघडला. मी विचारलं, "मॅडम, ती प्रिंटरची ओळ चुकूनच तशी लिहिली गेली ना?"

त्यांनी लोणच्याची फोड माझ्याकडे सरकवली.

"काका, साहेबांमध्ये एक जागा रिकामी दिसली."