जिवंत मुलीच्या चित्राला हार

माडीवरची खोली मी अश्वजितला चित्रांसाठी दिली तेव्हा शेजारच्या सारिका मुद्दाम सांगायला आल्या, "फरशीवरचे रंगाचे डाग जाणार नाहीत हं काकू." डाग खरोखरच गेले नाहीत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

अश्वजित मूळचा दासगावचा. महाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. म्हणजे वेळापत्रकात तसे लिहिलेले असते. प्रत्यक्षात परीक्षा जवळ आली की त्याच्या तासाला गणिताचे सर येऊन बसतात. त्यामुळे मुलांशी त्याचे बोलणे होते ते मधल्या सुट्टीत, नाही तर एसटीची वाट बघताना. वय चाळिशीच्या पुढे, आवाज बसका. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालत नाही, एवढा एकच गुण मला त्याच्यात ठळक दिसला. पण तो इतका दुर्मिळ आहे की मुले घरी न सांगितलेले सगळे त्याच्यापाशी ओततात.

त्यातून त्याची चित्रे होतात. त्यांत नाक, डोळे, झाड, डोंगर काही नसते. हार्डबोर्डवर रंगाचे थर असतात. भिंतीला लांबी भरायची जी पत्र्याची पट्टी असते, तिने ते ओढलेले. एकेक चित्र एकेका मुलाचे. पूर्ण झाले की ते आधी त्या मुलाला दाखवायचे, आणि मग घरातल्या, ते मूल सांगेल त्या एका माणसाला. आणखी कोणालाही ते कोणाचे हे कळू द्यायचे नाही. माडीच्या खालीच मी राहते, तरी एकही चित्र कोणाचे ते मला माहीत नव्हते.

शाळेच्या संस्थेचा सचिव राजेंद्र याने एकदा ही चित्रे पाहिली आणि वार्षिक समारंभात त्यांचे प्रदर्शन ठरवून टाकले. अश्वजितला विचारले नाही, कळवले. मग माझ्या ओटीवर येऊन बसला.

"सर, खाली मुलांची नावं टाका. पालक येतील, फोटो काढतील. नाव नसेल तर माणूस बघणार काय? नुसता चिखल?"

"नावं टाकणार नाही."

"अहो, बक्षीस द्यायचंय, फाशी नाही."

"मुलांना शब्द दिलाय मी."

"मुलांना!" राजेंद्र माझ्याकडे बघून हसला. "ऐकलंत काकू? मुलांना शब्द दिलाय म्हणे."

"ऐकलं," मी म्हटले. "मला ऐकू येतं अजून."

शेवटी नावांशिवाय प्रदर्शन लावायचे ठरले. राजेंद्रला छापलेल्या पत्रिका फुकट घालवायच्या नव्हत्या, एवढेच त्याचे कारण.

समारंभाच्या दिवशी पाहुण्यांची वाट बघत नववीची मुले पुढच्या सतरंजीवर उकडून गेली होती. मागे पालकांचा घोळका चित्रांपुढून फिरत होता. एक बाई बोर्ड उलटा करून पाठीमागे नाव लिहिले आहे का ते बघत होत्या. एक गृहस्थ पान चघळत म्हणाले, "एवढ्या रंगात आमचा गोठा रंगवून निघाला असता." त्यांनी बोट लावून रंग खरवडून पाहिला, आणि मग तेच बोट खांबाला पुसले. मला शिसारी आली.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून आलेली म्हातारी बसली होती. बयाबाई. पदराखाली घट्ट धरलेला मोबाइल. मला म्हणाली, "नातीचं चित्र हाय. तिनं सांगितलान, बघून ये. हिरव्यात नारिंगी रेघ. मधीच तुटली हाय नि पुढं परत लागली हाय." तिने मला दाखवले, आणि लगेच हात ओढून घेतला. "कुनाला सांगू नका गो बाय. सांगायचं नसतं."

त्या चित्राचा खिळा सकाळीच निघाला होता, म्हणून शिपायाने ते व्यासपीठावरच्या टेबलाला टेकवून ठेवले होते. तिथे थोर पुरुषांच्या तसबिरी मांडायच्या होत्या. त्या ज्या कपाटात होत्या त्याची किल्ली घरी विसरलेला कारकून ती आणायला गेला होता.

तो परतण्याआधी पाहुणे आले. कपाळाला गंध, दिमतीला चार माणसे. अशा समारंभात काय करायचे ते अंगवळणी पडलेले. टेबलावर चौकट दिसली, शिपायाच्या हातात झेंडूचा हार दिसला. त्यांनी हार घेतला, चित्राला घातला, फुले वाहिली, डोळे मिटून हात जोडले. चित्राकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजेंद्रनेही वाजवल्या.

बयाबाई उठली. वाकलेली बाई, पण व्यासपीठाच्या पायऱ्या कशा चढली ते कळले नाही. तिने हार ओढून खाली टाकला.

"जितीला हार घालतास? माझी समीक्षा जिती हाय. उद्या काळजाचं आपरेशन हाय तिचं मुंबईला, नि तू आजच हार घालतास?"

माइक चालू होता.

समीक्षा याच नववीतली. ती मामाकडे गेली आहे असे वर्गाला सांगितले होते. तिला कोणी बिचारी म्हटलेले सहन होत नसे, म्हणून हृदयाचा दोष तिने शाळेत फक्त अश्वजितला सांगितला होता. आता तो सतरंजीवरच्या प्रत्येक मुलाने ऐकला. मुले माना वळवून एकमेकांकडे बघू लागली.

अश्वजितने माइक बंद केला आणि बयाबाईला हाताला धरून खाली आणू लागला. एवढ्यात राजेंद्र वार्ताहराला घेऊन आडवा आला. त्याचा चेहरा फुलला होता.

"आजी, एक मिनिट. हार परत घालतो, तुम्ही परत काढा. तसाच. फोटो हलला मघाचा."

मी आयुष्यात बरीच निर्लज्ज माणसे पाहिली, काहींच्या पंगतीला बसले. पण असे मागणे कधी ऐकले नव्हते. अश्वजितने म्हातारीला बाहेर नेले, मग परत येऊन सगळी चित्रे उतरवली आणि मिनीडोअर रिक्षामध्ये भरली. पाहुण्यांचे भाषण चालूच होते. विषय होता, संवेदनशील पिढी.

शस्त्रक्रिया चांगली झाली. समीक्षा परत आली तेव्हा शाळेच्या फाटकावर तिचा फोटो लावलेला होता, खाली 'मृत्यूशी झुंज देणारी आमची कन्या'. मुली तिचे दप्तर उचलायला धावल्या. बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवले आणि वर्गाला तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. दुपारी ती तास सोडून थेट माझ्या जिन्यावर आली.

मी पाणी घेऊन वर गेले तेव्हा ती चित्रापुढे उभी होती.

"पुसून टाका सर."

"तुझी चूक नव्हती. आजीचीही नव्हती."

"आजीची नाहीच. पण हे आता सगळ्यांचं झालंय. मला नको."

अश्वजितने पट्टी घेतली. वाळलेला रंग निघताना पत्र्यावर विळा घासल्यासारखा आवाज येतो. ती शेवटपर्यंत उभी राहिली, मग पाणी प्यायली आणि शेवटच्या गाडीने वाडीला गेली. त्या आठवड्यात आणखी काही मुले एकेकटी आली. ज्याने त्याने आपले चित्र कागदात गुंडाळून नेले. अश्वजितने कोणाला का म्हणून विचारले नाही.

मग राजेंद्र आला. चपला घालूनच ओटीवर चढला.

"सर, ते हारवालं चित्र संस्थेच्या ऑफिसात लावायचंय. येणारा-जाणारा विचारतो."

अश्वजितने भिंतीशी ठेवलेला खरवडलेला बोर्ड दाखवला.

राजेंद्रने तो दोन्ही बाजूंनी पाहिला. "मग काय झालं? तसंच दुसरं काढा. हिरवा रंग नि एक रेघ. कोणाला कळणार आहे?"

अश्वजित माडीवर निघून गेला. राजेंद्र पाय पसरून खुर्चीत बसला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागला. माझ्याकडे आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय कधी गेलेला नाही. मी त्याच्यासमोर बसून राहिले. आधण ठेवले नाही. बऱ्याच वेळाने तो उठला.