देवाच्या खोलीतला राउटर

आमच्या घरात राउटर निवडायची रीत बैल निवडण्यासारखीच आहे. शिंगं मोजायची.

लेक बारावीत. पाच मुलींच्या संघातून ती ऑनलाइन गेम खेळते. दोन सामन्यांत नेट अडकून ती ऐन वेळी गायब झाली होती. तिसऱ्यांदा असं झालं तर दुसरी मुलगी घेऊ, असं संघानं स्पष्ट सांगितलं होतं. पुढचा सामना रविवारी सकाळी होता.

मी नवऱ्याला बजावलं, "घर चिऱ्यांचं आहे, भिंती हातभर जाड. दुकानदाराला आधी हे सांगा. एक इथे, एक तिथे ठेवायचा जोडीचा सेट मिळतो, तो बघा." हे साखळी गावच्या बाजारात गेले आणि खोक्यावर आग ओकणारा राक्षस असलेला एकच राउटर घेऊन आले.

"भिंतींचं विचारलं?"

"सहा अँटेना आसत. आणखी कितें जाय?"

पुरुषाला अँटेना दिसल्या की त्याची अक्कल चरायला जाते.

नेटची केबल देवाच्या खोलीच्या खिडकीतून येते, ओढली तर बाहेरच्या खोलीपर्यंतही पुरते. एवढी महाग वस्तू देवाजवळच शोभते, असा सासूबाईंनी निकाल दिला. राउटरला हळद-कुंकू लागलं, एका अँटेनाला अबोलीची फाती, म्हणजे गजरा, अडकली. त्या खोलीत नेट वाऱ्यासारखं धावायचं आणि लेकीच्या खोलीत रांगायचं. मग तिनं खुर्ची देवासमोर नेली आणि आठवडाभर तिथेच सराव केला. सासूबाई जप करत आणि शेजारी नात धडाधड माणसं मारत असे. देवासमोर माणसं मारलेली आमच्या घरात चालतात.

रविवारी पहाटे लेकीला पाळी आली.

सासूबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. "आज तू भितर येवचा नाय, बाय."

"मग राउटर भायर द्या," लेक म्हणाली.

"देवाकडची वस्तू विटाळात? चार दिसांनी खेळ."

चार दिवसांनी सामना नव्हता, हे तिनं दोनदा सांगितलं. सासूबाईंनी माळ ओढली. नवरा मोबाइलमध्ये डोकं खुपसून म्हणाला, "आईक कित्याक दुखवतंस?" सहा अँटेनांची फुशारकी आठवडाभर गावभर मिरवणारा हा माणूस, यंत्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आणायची वेळ आली तेव्हा एकदम मातृभक्त झाला.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. पाळी हा विटाळ नव्हे, असं दरवर्षी फळ्यासमोर ठणकावून सांगते आणि मुली वहीत उतरवून घेतात. त्या सकाळी मी लेकीला म्हटलं, "बाय, तुझ्या खोलीतून बघ जमतं का."

जमलं नाही. दुसऱ्या फेरीत ती पडद्यावर पुतळ्यासारखी थिजली, आणि परत हलली तेव्हा सामना संपत आला होता. संध्याकाळी संघाचा निरोप आला. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती. सासूबाईंनी तिला समजावलं की नशिबात असेल तर पुन्हा मिळेल. नशिबाला आमच्याकडे कामाची कमतरता नाही.

मी तिच्या खोलीत गेले. ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आई, तू शाळेत शिकयतंस तां खरां काय?"

"खरं."

"मग राउटर तू कित्याक भायर हाडलंस नाय?"

त्या सकाळी माझी आंघोळ झाली होती, देवाच्या खोलीत मी दोनदा जाऊन आले होते. मला कोणीही अडवलं नव्हतं.