माझ्या हातची फोडशी

हा किस्सा मी स्वतः आजवर कुणाला सांगितलेला नाही. सांगायची वेळच आली नाही हो! मी तोंड उघडायच्या आत घरच्यांनी तो निम्म्या कोल्हापुराला ऐकवून टाकला. परवा मंडईत एक अनोळखी गृहस्थ माझ्या पिशवीत डोकावून बघायला लागले, तेव्हा ठरवलं की खरं काय झालं ते आता आपणच सांगावं. चहा घ्या. हसायचं असेल तर शेवटी हसा, मधे हसलात तर मी गडबडतो.

मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. पदव्या तीन आणि भीती अगणित. त्यात बाहेरच्या खाण्याची भीती पहिल्या नंबरची. हॉटेलात बसलो की मला ताटातला पदार्थ दिसतच नाही. पाण्याची टाकी कधी धुतली असेल, ते दिसतं.

गेल्या जुलैत पुण्याहून मुलगा महेश, सून प्राजक्ता आणि आठ वर्षांची नात मनू आली. गगनबावड्याच्या वाटेवर झाडीत एक लाकडी कॉटेज चार दिवसांसाठी घेतलं. आम्ही दोघं म्हातारे आणि ते तिघं. जागा सुंदर, हवा सुंदर. पण कॉटेजला एक छोटं स्वयंपाकघर होतं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

सामान उतरवतोय तोवर कॉटेज सांभाळणारे दगडूमामा आले.

"पावणं, जेवनाचं काय? मटन आणून द्या, आमची मंडळी करून देती. चटणी घरची हाय. तांबडा, पांढरा, भाकरी, समदं!"

आमच्याकडं ही पद्धतच आहे. फिरायला जायचं तर मटण आपण न्यायचं आणि तिथल्या एखाद्या घरात करून घ्यायचं. महेशचे डोळे लकाकले. पुण्यात तो नुसत्या रश्श्याच्या आठवणीवर जगतो.

"नको," मी म्हणालो.

"का, बाबा?"

"पाणी कुठलं? सुरी कुणाची? मटण किती वाजता कापलेलं?"

"पानी झऱ्याचं हाय की, सर!" दगडूमामा अभिमानानं म्हणाले.

झऱ्याचं! जुलैत! म्हणजे पावसानं डोंगरावरचा सगळा गाळ त्यात!

"मग रस्त्यावरच्या खानावळीत जाऊ," प्राजक्ता म्हणाली. "बाबा, आधीच सांगते, सुट्टीत मी गॅसपुढं उभी राहणार नाही. आणि आईंनाही राहू देणार नाही."

मुद्दा रास्त होता. पण भीतीपुढं रास्त मुद्दे टिकतात का कधी? माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणीच उभं राहायचं नाही. चारही दिवस स्वयंपाक मी करणार!"

मग आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्हाला गॅस पेटवता तरी येतो का?"

येत होता. प्रयोगशाळेत जन्मभर बर्नर पेटवलेत मी! पुढचं काय करायचं, तेवढंच येत नव्हतं.

पहिल्या दिवशी खिचडी केली. दुसऱ्या दिवशी मऊ खिचडी. तिसऱ्या दिवशी सकाळी मनूनं तिच्या आईला विचारलं, "मम्मा, आपण सगळे आजारी आहोत का?"

हे मला लागलं. म्हटलं, आज काहीतरी वेगळं करायचंच. तडक छत्री घेऊन बाहेर पडलो. आणि बांधाच्या कडेला काय दिसावं? फोडशी! गवतासारखी लांब, हिरवीगार पानं. पावसाळ्यात उगवणारी रानभाजी. हिच्या कुळावर मी वर्गात तासच्या तास घेतलेत. ना औषध, ना फवारणी, ना झऱ्याचं पाणी. पिशवी भरून उपटली, चिरली, कांद्यावर परतली.

मला मधुमेहाच्या गोळीमुळं बारा वाजता जेवावंच लागतं. "तुम्ही घ्या जेवून, आम्ही मागनं बसतो," सौ. म्हणाल्या. मी जेवलो, आडवा झालो. उठून बघतो तर दोन वाजलेले, आणि भाजीचं पातेलं लख्ख घासून पालथं घातलेलं!

"संपली?" मी विचारलं.

"संपली," महेश खिडकीबाहेर बघत म्हणाला.

ऊर भरून आला हो. तीन पदव्यांनी जे दिलं नाही, ते त्या पालथ्या पातेल्यानं दिलं.

त्या आनंदात मी व्हरांड्यात आलो. तिथं वर्तमानपत्रावर भाजीची चार-पाच रोपं उरली होती. सहज एक उचललं. पानाचं टोक बघितलं. टोक वळलेलं होतं. तारेसारखं.

मी दुसरं रोप उचललं, तेही तसंच.

पानाचं टोक असं वळतं ते कळलावीचं! फूल देखणं, पण मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. कोवळेपणी दोन्ही रोपं अशी सारखी दिसतात की... आता तुम्ही म्हणाल, प्राध्यापकाला एवढं कळू नये? अहो, तिथंच तर गोम आहे! जन्मभर मी झाडं बघितली ती वाळवून कागदावर चिकटवलेली. त्यांच्या खाली नाव लिहिलेलं असतं. बांधावरच्या झाडाखाली कोण लिहून ठेवणार?

लक्षणं मला पाठ होती. परीक्षेत दर वर्षी विचारायचो. तोंडात आग, घाम, तहान, मग ग्लानी. त्यापुढचं मी मुद्दामच आठवलं नाही.

धडपडत आत गेलो. मनू तांब्यानं पाणी पीत होती.

"काय झालं, बाळा?"

"आजोबा, तोंड खूप भाजतंय," ती म्हणाली, आणि आईकडं बघून एकदम गप्प झाली.

प्राजक्ताचं नाक लाल, डोळ्यांत पाणी, ओठ सुजल्यासारखे. "काही नाही बाबा, सर्दी," ती म्हणाली. दोन तासांत सर्दी? महेश कॉटवर उताणा पडून पोटावर हात ठेवून कण्हत होता. कपाळावर घामाचे थेंब.

"महेश, पोटात दुखतंय?"

"नाही हो. जरा जड झालंय."

आणि आमच्या सौभाग्यवती! लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, ही बाई दुपारी कधी झोपली नाही. ती भिंतीकडं तोंड करून गाढ झोपली होती. मी चष्मा काढून तिच्या नाकाखाली धरला, श्वासाची वाफ येते का बघायला. काच धूसर होती. पण जुलैतल्या त्या हवेत ती सकाळपासूनच धूसर होती! काही कळेना. तिच्या अंगावर ओरडलोच, "उठा! उठा हो! झोपू नका!"

ती दचकून बसली. "काय झालं? घर पडलं का?"

"मी तुम्हा सगळ्यांना विष घातलंय!"

खरं सांगतो, हे वाक्य मी जन्मात कधी म्हणेन असं वाटलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. भाजी, पान, टोक, कळलावी. चौघं एकमेकांकडं बघायला लागली. मग चौघांनी मिळून माझ्याकडं बघितलं. महेशचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, तुम्हाला काय होतंय?"

"माझं सोड! माझं जगून झालंय. मनूला उचल!"

दगडूमामांना वाट दाखवायला पुढं बसवलं आणि निघालो. महेश गाडी अशी हाणत होता की प्रत्येक वळणावर मी डोळे मिटून घेत होतो. म्हटलं, पोराला जिवाची भीती वाटतेय. वाटणारच. आणि हे कुणामुळं? माझ्यामुळं. बाहेरच्या रश्श्यानं फार तर पोट बिघडलं असतं. मी घरातल्या घरात चौघांचा निकाल लावला होता.

"अहो, जरा ऐका तरी," सौ. म्हणाल्या.

"बोलू नका! ताकद राखा!"

"पण बाबा, आम्ही..." प्राजक्ता.

"तूही बोलू नकोस!"

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. माझ्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. मी एका श्वासात सगळं ओकलो. म्हणजे शब्द. बाकी कुणीच काही ओकत नव्हतं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

"बरं. भाजी कुणी कुणी खाल्ली?"

"सगळ्यांनी!"

त्यांनी महेशकडं बघितलं. "तुम्ही किती खाल्ली?"

महेश बुटांकडं बघायला लागला. "मी... नाही खाल्ली."

"तुम्ही, ताई?"

"मीही नाही."

"आजी?"

सौभाग्यवतींनी पदर नीट केला. मान हलवली. नाही.

"मग जेवलात काय?"

"मटण!" मनू ओरडली. दोन तास दाबून ठेवलेलं गुपित एकदम बाहेर पडलं. "दगडूमामांच्या घरी! तांबडा रस्सा, पांढरा रस्सा! तांबडा खूप तिखट होता, तरी मी दोनदा घेतला!"

आग, घाम, तहान, ग्लानी. सगळ्या लक्षणांचा खुलासा झाला.

"अहो, तुमचं मन कशाला दुखवा म्हणून नाही बोललो," सौ. म्हणाल्या. "आणि इथवर आलो ते आमच्यासाठी नाही. तुम्ही खाल्ली होती ना ती भाजी!"

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला राग आला नाही. घरच्या चौघांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, याचा असा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मी मनूला जवळ घेतलं आणि चक्क रडलो.

"मग भाजी गेली कुठं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"म्हशीला घातली," प्राजक्ता पुटपुटली.

दारात टेकलेले दगडूमामा ताठ झाले. "कुनाच्या म्हशीला?"

"तुमच्याच."

"अरारारा! गाभण हाय वं ती!" त्यांनी खिशातून फोन काढला आणि स्पीकरवर टाकला. रांगेतले सगळे रुग्ण आपापली दुखणी विसरून आत सरकले. माणसं वाचली, आता म्हैस!

"आगं, म्हस कशी हाय?"

"कशी असनार? उभी हाय की रवंथ करत," पलीकडून त्यांच्या मंडळींचा खणखणीत आवाज आला.

"ती भाजी खाल्ली न्हवं तिनं? इखारी हाय म्हनं, पानाचं टोक वळलंय म्हनत्यात सर!"

"कसली इखारी? फोडशी हाय ती, चांगली कवळी. चारदा बघितली मी. पान सुकलं की वळतंयच की! पन कुनी केल्ती वं? पांढरा दांडा तसाच ठेवलाय, माती बी धुतल्याली न्हाय. म्हशीनं हुंगलं आन् तोंड फिरवलं. तशीच पडलीया गव्हानीत."

दवाखान्यात हशा पिकला. एक म्हातारी तर भिंतीला धरून हसत होती. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत उभा राहिलो.

डॉक्टरबाईंनी कसंबसं हसू आवरलं. "काळजीचं काही दिसत नाही, सर. तरी तासभर इथं बसा. तपासायला हवे असे पेशंट तुम्ही एकटेच आहात." त्यांनी पेन उचललं. "केसपेपरवर लिहावं लागेल. साधारण किती खाल्ली होती?"

सगळ्या खोलीचे कान माझ्याकडं. महेश, प्राजक्ता, सौ., मनू, दगडूमामा, आणि फोनवर अजून त्यांच्या मंडळी.

"दोनदा घेतली," मी म्हणालो. "चांगली झाली होती."