बुंदीला घर देणारे मल्लूअण्णा

मल्लूअण्णांच्या तोंडून मी 'नाही' हा शब्द कधी ऐकला नाही. काहीही विचारा, तोंडातलं पान एका गालात सारून ते म्हणायचे, "हुईल की!" सोलापुरात भाड्याची घरं दाखवणारे एजंट पुष्कळ भेटले, पण माझ्या बुंदीला बघून तोंड वाकडं न करणारे ते एकटेच.

बुंदी माझी कुत्री. कुर्डुवाडीला स्टेशनाबाहेर सापडलेली, पिवळट अंगावर तपकिरी ठिपके. माझी सोलापूरला बदली झाली आणि घर शोधताना लोकांची दारं कशी मिटतात ते कळलं. एकटी बाई एक वेळ चालायची. कुत्रं म्हटलं की घरमालकाचा मुलगा नेमका त्याच खोल्यांत राहायला येणार असायचा! अण्णांनी मात्र ऐन उन्हात माझ्यासाठी बाळीवेशीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. बुंदीला ते कानडीत बोलवत, "बा, बा इल्ली," आणि ही बया मला विसरून त्यांच्या मागे धावे.

शेवटी गौराक्कांच्या माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या. खाली त्या राहत, वर आम्ही दोघी.

"अण्णा, कुत्र्याचं नक्की बोललात ना?" मी पुन्हा पुन्हा विचारलं.

"ताई, मल्लूचा शब्द हाय. दिला म्हंजी दिला."

मला ते देवमाणूस वाटले. बुंदी गच्चीत ऊन खात पडायची. गौराक्का तिला बघून न बघितल्यासारखं करत; मला वाटे, लागेल हळूहळू माया.

एका संध्याकाळी अण्णा आले. "उद्या अक्कांच्या घरी त्यांचे गुरू जंगमस्वामी येनार हायत. पाद्यपूजा हाय. दोन दिस बुंदी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या की." ज्यांच्या घरात राहायचं, त्यांची पूजाअर्चा सांभाळायला नको? मीच बुंदीच्या गळ्यात पट्टा अडकवला, तिची ताटली दिली, भाकरी दुधात कुस्करून द्या म्हणून सांगितलं. ती शेपूट हलवत अण्णांच्या मागून जिना उतरून गेली.

पूजेनंतर गौराक्का प्रसाद घेऊन वर आल्या. मी म्हटलं, "आता बुंदीला घेऊन येते." त्या चपापल्या.

"परत आननार? मल्लू तर पयल्याच दिवशी म्हनला हुता, कुत्रं म्हैनाभरात गावाकडं जानार हाय. म्हनून तर मी हो म्हनले."

अण्णांनी शब्द दोघींनाही दिला होता. मोडायची वेळ आली तेव्हा मला दिलेला मोडला.

मी त्यांना गाठलं. ते जराही ओशाळले नाहीत. "मंगळवेढ्याला पावन्याच्या वस्तीवर सोडलीय. लई मोकळं रान हाय. तुमचं घर वाचवलं की, ताई!"

तशीच एसटीने मंगळवेढ्याला गेले. वस्तीवरच्या माणसाने मला चावून तोडलेला दोर दाखवला. बुंदी आली त्याच दिवशी पळाली होती. ज्वारीच्या रानांतून बांधाबांधाने तिला हाका मारत हिंडले. पुढेही सुट्टी मिळाली की जात राहिले. ती सापडली नाही. हाडवैऱ्याने हे केलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा हात मीच आपला मानला होता.

त्या खोल्यांत मला घास उतरेना. मी जागा सोडायचं ठरवलं. सामान बांधत होते, तर अण्णा दारात.

"ताई, एक घर हाय बघा. मालकाची सोताची दोन कुत्री हायत. तितं कुत्रं चालतंय. तुमच्यासाठनं लई फिरलो."

"आणि माझी बुंदी, अण्णा?"

त्यांनी तोंडातलं पान एका गालात सारलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "दुसरं आनू की एखादं. गल्लीत काय कमी हायत व्हय?"

ते चेष्टा करत नव्हते. माझ्यासाठी त्यांचा जीव खरोखरच कळवळत होता, आणि तेवढ्यासाठीच मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.