राग्नाची मेणाची पेटी

चौतीस वर्षं शाळेची बस चालवली राग्नानं, पण खोऱ्यात तिचा मान होता तो स्कीच्या मेणासाठी. ईस्टरची सुट्टी लागली की ही बाई पहाटेच स्की चढवून वरच्या जंगलाच्या तोंडापर्यंत जायची, हातमोजा काढायची, मूठभर बर्फ घेऊन दाबायची, फेकायची आणि खाली येऊन आपल्या गोठ्याच्या दारावर खडूनं एकच शब्द लिहायची, त्या दिवसाच्या बर्फावर कुठलं मेण घसरणार नाही तो. निळं. जांभळं. किंवा ऊन खाऊन पुन्हा गोठलेला रवाळ बर्फ असेल तर चीक, म्हणजे ट्यूबमधलं ते लाल चिकट मेण, जे एकदा बोटाला लागलं की पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत, म्हणजे पुढचे सात आठवडे, निघत नाही. गाव ते वाचायचं, स्कीखाली तेच फासायचं आणि डोंगराकडे सुटायचं. तिच्याकडे तापमापक नव्हता, आणि असता तरी तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

या वर्षी गुरुवारी दुकानात तिला हाल्वोर भेटला. हा तिचा शेजारी आणि शाळेपासूनचा वैरी. त्यानं नव्या कोऱ्या स्की घेतल्या होत्या, तळाला केसाळ पट्टी असलेल्या, आणि तो त्या दुकानातसुद्धा काखेत घेऊन हिंडत होता.

"राग्ना, अजून मेणच घासतेस का गं? याला काही लावावं लागत नाही बघ. पाय घातला की निघालं."

"मांजर पायाला बांधून फिर की मग! तेही केसाळच असतं," राग्ना म्हणाली.

दुकानवाली तोरुन खो खो हसली. हाल्वोरचे कान लाल झाले. "या वयात कधीतरी चुकशील ना. मग बघू."

वयाचं नाव काढलं आणि बाईचं डोकंच फिरलं. "शनिवारी माझं मेण चुकलं तर माझी पेटी तुला! बापाच्या हातची पेटी, आतल्या सगळ्या मेणांसकट. आणि पुढल्या वर्षी मीसुद्धा मांजरं बांधीन."

दुपारपर्यंत हे अख्ख्या खोऱ्यात झालं. शनिवार म्हणजे तळ्यावरच्या झोपडीपर्यंतची गावाची चढाई. आठ किलोमीटर, वर पोचल्यावर गरम वाफल, आणि शेवटी पोचेल त्यानं वाफल भाजायचे सगळे साचे घासायचे.

शनिवारी पहाटे राग्नाचा गुडघा सुजून टम्म झाला होता. जंगलापर्यंत जायचं तर तास लागला असता, आणि मग चढाईला पाय उरला नसता. तिनं अंगणातला बर्फ दाबला. रवाळ, टणक, छान गोठलेला. दारावर तिनं लिहिलं, 'चीक'. अक्षरं नेहमीपेक्षा मोठी काढली.

काय ऊन होतं त्या दिवशी! चाळीस माणसं पाठीवर संत्री घेऊन निघाली, आणि पहिले दोन किलोमीटर स्की अशा पळत होत्या की पाद्रीबुवा चक्क गात होते. मग जंगल लागलं. वर, फक्त वर, रात्री चार बोटं ताजा भुसभुशीत बर्फ पडला होता. आणि चीक आणि ताजा बर्फ यांचं काय होतं ते आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

"अगं बाई गं!" तोरुन ओरडली. तिच्या प्रत्येक पायाखाली वीतभर बर्फाचा गोळा चिकटला होता. "राग्ना, मी उंच झाले! नवऱ्याला सांगा, आता वर बघून बोल म्हणावं!"

पाद्रीबुवांनी एका उतारावर जोरात झेप घेतली; स्की जागीच थांबल्या आणि बुवा एकटे पुढे गेले. बर्फातून डोकं काढून त्यांनी जो शब्द उच्चारला तो त्यांच्या पुस्तकात नक्कीच नसणार. कुणी लोण्याच्या सुरीनं मेण खरवडतंय, कुणी बँकेच्या कार्डानं. दोघांच्या स्की एकमेकींना चिकटल्या होत्या आणि हसून हसून त्यांना सोडवायचं कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. शेजारून हाल्वोर सुळकन निघून गेला. "म्याव!" एवढंच म्हणाला मेला.

राग्ना मात्र हसत नव्हती. 

झोपडीवर ती शेवटची पोचली. उन्हाकडच्या भिंतीला टेकून सगळे वाफल खात होते, आणि कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे गं, हवाच फिरली."

"हवा नाही फिरली," राग्ना म्हणाली. तिचा तो बसभर घुमणारा आवाज आज बारीक निघाला. "मी वर गेलेच नव्हते. गुडघा चालत नाही. अंगणात बघितलं आणि तुम्हाला खोटं सांगितलं." तिनं पिशवीतून पेटी काढली आणि हाल्वोरच्या मांडीवर ठेवली. मग बाह्या सरसावून साचे घासायला बसली. 

रविवारी सकाळी ती उठली तेव्हा करायला काहीच नव्हतं, आणि हे तिला फार लागलं. चाळीस वर्षांत अशी ईस्टरची सकाळ आली नव्हती. दारावरचा तो मोठा 'चीक' ती फडक्यानं पुसत होती, तेवढ्यात हाल्वोर आला. घामानं थबथबलेला. काखेत पेटी, खांद्यावर त्याच्या जुन्या, मेण लावायच्या लाकडी स्की, गळ्यात दोन थर्मास.

"काय रे, हिणवायला आलास?"

"गप गं. काल मी झोपडीवर तासभर आधी पोचलो. चार संत्री खाल्ली, एकट्यानं. खालून तुमच्या हसण्याचा आवाज येत होता. माझ्या आयुष्यात इतका वैताग मला कधी आला नव्हता." त्यानं थर्मास पायरीवर मांडले. "हा जंगलातला बर्फ. हा तळ्यावरचा. पहाटे चारला निघालो होतो. आता उघड लवकर, वितळेल."

 राग्नानं हातमोजा काढला, पहिल्या थर्मासात हात घातला, मूठ दाबली आणि हुंगली. दुसऱ्यातही तसंच केलं. रस्त्यावर तोरुन आणि पाद्रीबुवा स्की घेऊन उभे होते. त्यांच्या मागे आणखी माणसं जमत होती.

"याच थर्मासात कॉफी होती काल?" तिनं विचारलं.

"होती. का?"

"बर्फाला वास येतोय. उद्यापासून धुऊन आणत जा."

"उद्यापासून?" हाल्वोर म्हणाला, आणि त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं.

राग्नानं डोळे बाहीनं पुसले, खडू उचलला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा तिच्या जुन्या आवाजात ओरडली, "जांभळं! आणि पातळ लावा रे, गाढवांनो!"