पाच गोळ्या हव्यात, आहेत चार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे नंतर चहा नाकात जाणार नाही. कारण मी घातलेला घोळ साधासुधा नव्हता. भर कंपनीत, गिऱ्हाइकासमोर, आणि तोही मीच डिझाइन केलेल्या मशीनवर!

आमची चाकणची छोटी कंपनी मॉलमधल्या गेम झोनसाठी मशीनं बनवते. पिनबॉल माहितीये ना? काचेखाली उतरता बोर्ड, त्यावर स्टीलच्या गोळ्या, बटण दाबून त्या वर उडवायच्या. खेळायला मजा, दुरुस्तीला जन्मठेप! एक वायर तुटली की ढीगभर स्क्रू काढा, अख्खा बोर्ड डोक्यावर तोलून धरा आणि टॉर्च दातात.

मी हे सगळं बदललं. काच आता कुलूप काढलं की सरकते. बोर्ड गाडीच्या डिकीसारखा वर उचलला की तिथंच थांबतो. वायरींना रंगीत प्लग. कुठं दुखतंय ते मशीन स्वतःच स्क्रीनवर सांगतं. आणि माझी सगळ्यात लाडकी सुधारणा: बोर्डाखाली बसवलेला मॅग्नेटचा ट्रे. काढलेले स्क्रू त्यावर ठेवायचे. हरवायची बातच नाही!

"पोरी, मॅग्नेट नगं," बबनकाका तेव्हाच म्हणाले होते. बबनकाका म्हणजे आमचे मेंटेनन्सवाले, एका कारखान्यातून रिटायर होऊन आलेले. "आत गोळ्या स्टीलच्या हायेत."

"काका, तुमच्या काळी स्क्रू खिशात ठेवायचे. आता जग पुढे गेलंय."

काका पाना उचलून आपल्या कामाला लागले. मला वाटलं, जिंकले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निगडीच्या मॅडम मशीन बघायला येणार होत्या. त्यांचा मोठा गेम झोन. पसंत पडलं तर सहा मशीनची ऑर्डर. नाहीतर पिनबॉल बंद, आणि मी परत दुसऱ्यांच्या नटबोल्टांची ड्रॉइंग काढायला. साहेबांनी स्पष्टच बजावलं होतं.

सकाळी येऊन बघते तर काय! काकांनी खंडेनवमीला माझ्या मशीनचीही पूजा केलेली. काचेवर हळदकुंकू, झेंडूचा हार. पाचही गोळ्या पान्यांशेजारी पाटावर मांडलेल्या, प्रत्येकीला टिळा! मी चरफडत बोर्ड उचलला, आत सांडलेल्या अक्षता झटकल्या, एकेक गोळी पुसून जागेवर ठेवायला लागले. तेवढ्यात आईचा फोन.

"डबा विसरलीस!"

"आई, आत्ता नाही!"

फोन कट, बोर्ड खाली, काच बंद. झालं.

मॅडम आल्या. मी ऐटीत बटण दाबलं. स्क्रीनवर काय यावं? 'गोळ्या हव्यात ५. आहेत ४.'

"म्हणजे?" मॅडम.

"म्हणजे मशीन किती हुशार आहे बघा," मी म्हणाले. मग तरातरा काकांकडे गेले. "काका, एक गोळी पूजेतच राहिली ना?"

"न्हाई गं. माझं एक ऐक..."

"एक मिनिट, काका!"

मी पाट उचलला. झेंडूच्या राशी उपसल्या. नारळ हलवून बघितला. हो, नारळ! त्यात गोळी कशी शिरणार, हा प्रश्न मला पडला नाही. दोन ऑपरेटर गुडघ्यावर बसून प्रेस मशीनखाली शोधायला लागले. साहेबांनी प्रसादाचा पेढा खाता खाता घाबरून थुंकला.

"पोरी, अगं..."

"काका, तुमच्या पूजेमुळंच झालंय हे! मशीनला कुंकू लागतं का?"

काकांनी नुसती टोपी नीट केली.

मॅडम उठल्या. वाटलं, निघाल्या. गेली ऑर्डर!

"मी उघडून बघू का? शेवटी माझ्याच माणसांना उघडायचंय ना?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी चावी फिरवली, काच सरकवली, बांगड्या मागे सारून बोर्ड उचलला. ना पाना, ना टॉर्च.

"हे काय, इथं तर आहे!"

माझ्या लाडक्या ट्रेवर गोळी चिकटून बसलेली, अर्धवट पुसलेला टिळा मिरवत. फोन घेताना मीच ठेवली होती! मॅडमनी ओढली, निघेना. शेवटी काकांनी अंगठ्याने बाजूला सरकवून अलगद काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"हेच सांगत व्हतो," एवढंच बोलले.

"सॉरी, काका." सगळ्यांसमोर म्हणाले. म्हणावंच लागलं.

आणि मॅडम? त्या चक्क खूश! "मला पहिल्या झटक्यात उघडता आलं, म्हणजे माझ्या पोरांना येईलच. सहाही द्या. फक्त हा मॅग्नेट काढा." माझा जीव भांड्यात पडला, भांड्याचा आवाज पार निगडीपर्यंत गेला असेल.

जाताना मॅडम दारात थांबल्या. "काका, मशीन छान सुधारलंय हो. पण ही मुलगी कुणाचं ऐकतच नाही का?"

काकांनी माझ्यापुढं पेढा धरला. "मॅडम, मशीनच्या सुधारणा झाल्या. हिच्या चालू हायेत."